बे दुणे चार की पाच? एका समीकरणाची ८५ वर्षे

१/
१८६४ साली रशियात प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या कादंबरीच्या नायकाला ‘बे दुणे चार’ हे वाक्य सहन होत नाही. ती त्याला वाट अडवून उभी राहिलेली भिंत वाटते. ‘बे दुणे पाच’ म्हणण्याची मुभा त्याला अधिक मोलाची वाटते. १९४९ साली लंडनमध्ये प्रसिद्ध झालेल्या कादंबरीचा नायक नेमका उलट बाजूला उभा आहे. माणसाच्या स्वातंत्र्याची सारी इमारत तो ‘दोन अधिक दोन चार’ या बेरजेवर उभी करतो. अंकगणित तेच राहिले. मग या ८५ वर्षांत स्वातंत्र्य एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे कसे गेले?

२/
या प्रश्नाचे उत्तर साहित्यात निम्मेच सापडते. उरलेले निम्मे इतिहासात आहे. डिस्टोपियन कादंबऱ्या साधारणपणे एका ठरावीक चौकटीत वाचल्या जातात: एका बाजूला सर्वंकष सत्ता, दुसऱ्या बाजूला मानवी स्वभाव आणि शेवटी कोण जिंकले याचा निकाल. ही चौकट दिलासा देते, कारण तीत मानवी स्वभाव नेहमीच सज्जनांच्या पक्षात असतो. प्रत्यक्ष इतिहास इतका सोपा नाही. मानवी स्वभाव दोन्ही बाजूंनी लढलेला आहे. हा थ्रेड त्याच लढाईचा आहे.

३/
आरंभ लंडनमध्ये. १८५१च्या जागतिक प्रदर्शनासाठी हाइड पार्कमध्ये लोखंड आणि काच यांची एक प्रचंड वास्तू उभारली गेली: क्रिस्टल पॅलेस. पुढे ती सिडनहॅम येथे हलवण्यात आली. विज्ञान, उद्योग आणि विवेक यांच्या बळावर मानवजात लवकरच सुखी होणार, या युगश्रद्धेचे ते काचेचे देऊळच होते. १८६२ साली फ्योदोर दोस्तोयेव्हस्की यांनी लंडन पाहिले. ज्या भव्यतेने इतर प्रवासी भारावत होते, तिने ते धास्तावले. इतकी परिपूर्ण वास्तू उभी राहिल्यावर माणसाला नकार देण्यासाठी जागा कोठे उरणार, हा प्रश्न त्यांच्या मनात घर करून राहिला.

४/
पुढच्याच वर्षी, १८६३ साली, निकोलाय चेर्निशेव्हस्की यांची ‘काय करावे?’ ही कादंबरी आली. पीटर आणि पॉल किल्ल्याच्या कोठडीत बसून ती लिहिली गेली होती. माणसाला त्याचे खरे हित समजावून सांगितले की तो आपोआप शहाणा वागेल, हे तिचे सूत्र. नायिकेच्या स्वप्नात भविष्यातील सुखी समाज क्रिस्टल पॅलेससारख्या काचेच्या महालात राहताना दिसतो. रशियन तरुणांच्या कित्येक पिढ्यांनी हे पुस्तक धर्मग्रंथाप्रमाणे वाचले. त्यांपैकी लेनिन यांनी १९०२ साली आपल्या प्रसिद्ध पुस्तिकेला हेच शीर्षक दिले.

५/
दोस्तोयेव्हस्की यांनी १८६४ साली ‘भूमिगताच्या टिपणां’तून चेर्निशेव्हस्कींना उत्तर दिले. त्यांचा नायक आजारी, चिडखोर आणि कुत्सित आहे. आदर्श तर मुळीच नाही. पण त्याचा मुद्दा धारदार आहे. माणसाच्या हिताचे संपूर्ण कोष्टक तयार झाले, तर केवळ आपण पियानोची पट्टी नाही हे सिद्ध करण्यासाठी माणूस स्वतःचे अहित करून घेईल. ‘बे दुणे चार’ला त्याचा विरोध आहे तो या अर्थाने. गणित खोटे आहे, असा त्याचा दावा नाही. माणसाचे गणित मांडता येते, हा दावा त्याला खोटा वाटतो.

६/
हे लिहिणाऱ्याने सत्तेचा हिशेब स्वतःच्या देहावर अनुभवला होता. १८४९ साली एका वाचनमंडळातील सहभागाबद्दल दोस्तोयेव्हस्की यांना मृत्युदंडाची शिक्षा झाली. वधस्तंभासमोर नेऊन अखेरच्या क्षणी ती बदलण्यात आली. त्यानंतर सायबेरियात ४ वर्षे सक्तमजुरी. तिथे त्यांना एक कटू सत्य उमगले: बंदिवान आणि फटके मारणारा जल्लाद हे एकाच मातीचे असतात. म्हणूनच त्यांच्या ‘मानवी स्वभावा’त स्वातंत्र्याची ओढ आणि क्रौर्याची चव दोन्ही आहेत. पुढच्या डिस्टोपियन साहित्याचे बीज या दुहेरी जाणिवेत आहे.

७/
काचेचा महाल पुढे एका अभियंत्याने कादंबरीत बांधला. येव्हगेनी झाम्यातिन, जन्म १८८४, व्यवसायाने जहाजबांधणी तज्ज्ञ. तरुणपणी ते बोल्शेविक होते आणि १९०५च्या क्रांतीत झारच्या पोलिसांनी त्यांना एकांत कोठडीत टाकले होते. पहिल्या महायुद्धाच्या काळात रशियासाठी बांधल्या जाणाऱ्या बर्फफोड्या जहाजांच्या कामावर देखरेख करण्यासाठी ते इंग्लंडमध्ये न्यूकॅसल परिसरात राहिले. यंत्रशिस्तीचे सौंदर्य आणि तिचा माणसावर पडणारा साचा, दोन्ही त्यांनी जवळून पाहिले. १९१७ साली ते मायदेशी परतले आणि १९२०-२१च्या सुमारास ‘आम्ही’ ही कादंबरी लिहून झाली.

८/
‘आम्ही’मधील माणसांना नावे नाहीत, क्रमांक आहेत. घरे काचेची आहेत. सर्वांनी एकाच क्षणी उठायचे, एकाच क्षणी घास चावायचा. या राज्यात रेल्वेचे वेळापत्रक हा प्राचीन साहित्याचा सर्वोच्च नमुना मानला जातो आणि पाढ्यांवर भक्तिभावाने कविता रचल्या जातात. बे दुणे चार कधीच चुकत नाहीत, म्हणून ते सुखी; माणसानेही तसेच सुखी व्हावे. दोस्तोयेव्हस्की यांच्या नायकाला वाटलेली भीती येथे राज्यघटना बनली आहे.

९/
हा कल्पनाविलास हवेतून आलेला नव्हता. त्याच काळात अलेक्सेई गास्तेव्ह हे कवी आणि कामगार संघटक अमेरिकन अभियंता फ्रेडरिक टेलर यांच्या कार्यपद्धतीने भारावले होते. हातोडा मारताना हात किती अंशांत वळावा, याचा अभ्यास करण्यासाठी त्यांनी १९२० साली मॉस्कोमध्ये केंद्रीय श्रम संस्था उभारली. त्याआधीच, १९१९ साली, त्यांनी असे भाकीत केले होते की भविष्यातील कामगार व्यक्तिनामाऐवजी अक्षरांनी आणि आकड्यांनी ओळखले जातील. गास्तेव्ह यांच्यासाठी ते स्वप्न होते. झाम्यातिन यांनी त्याच स्वप्नात राहणाऱ्या माणसाची रोजनिशी लिहिली.

१०/
झाम्यातिन यांचे कौशल्य असे, की ते गणिताविरुद्ध गणितच उभे करतात. नायक डी-५०३ हा राज्याचा निष्ठावंत गणिती आहे. शाळेत भेटलेले ‘उणे एकाचे वर्गमूळ’ त्याला आयुष्यभर छळते, कारण ते कोणत्याही सरळ कोष्टकात बसत नाही. बंडखोर आय-३३० त्याला शेवटची संख्या सांगायला लावते. शेवटची संख्या नसतेच, असे तो म्हणतो. मग शेवटची क्रांती तरी कशी असेल, असा तिचा प्रतिप्रश्न आहे. क्रांती पूर्ण झाली, इतिहास संपला, आता फक्त आज्ञापालन उरले, असे म्हणणाऱ्या प्रत्येक सत्तेला तो लागू पडतो.

११/
राज्याचे उत्तर शस्त्रक्रियेचे आहे. मेंदूतील कल्पनाशक्तीचे केंद्र किरणांनी जाळायचे. अखेरीस डी-५०३ वर ती शस्त्रक्रिया होते आणि आय-३३० चा छळ तो निर्विकारपणे पाहतो. तरीही कादंबरी पूर्ण अंधारात संपत नाही. त्याचे मूल पोटात असलेली ओ-९० नगराच्या हिरव्या भिंतीपलीकडे निसटलेली असते आणि नगरात बंड चालूच असते. मानवी स्वभाव येथे जिंकत नाही. पण सत्तेलाही आपला हिशेब पुरा करता येत नाही.

१२/
पुस्तकाचे भवितव्य त्याच्या कथानकाला साजेसे ठरले. सोव्हिएत संघात ते छापले गेले नाही. पहिले प्रकाशन १९२४ साली न्यूयॉर्कमध्ये, तेही इंग्रजी अनुवादात. १९२२ साली झाम्यातिन यांना पुन्हा अटक झाली. झारच्या काळात ज्या तुरुंगात त्यांना ठेवले होते, त्याच तुरुंगाच्या त्याच मार्गिकेत क्रांतीनंतरच्या पोलिसांनीही त्यांना ठेवले. १९२९च्या बदनामीच्या मोहिमेनंतर लेखन अशक्य झाले. १९३१ साली त्यांनी स्टालिन यांना पत्र लिहून देश सोडण्याची परवानगी मागितली आणि मॅक्सिम गॉर्की यांच्या मध्यस्थीने ती मिळाली. १० मार्च १९३७ रोजी पॅरिसमध्ये त्यांचे निधन झाले.

१३/
आणि गास्तेव्ह? माणसाला आकडा बनवण्याचे स्वप्न पाहणाऱ्या या निष्ठावंताला १९३८ साली अटक झाली आणि १९३९ साली गोळ्या घालण्यात आल्या. सर्वंकष सत्तेला परिपूर्ण यंत्र हवे असते, असा समज आहे. त्याहून तिला यंत्रावरची मक्तेदारी प्यारी असते. स्वतंत्र नियमांवर चालणारे कोणतेही शास्त्र तिला अखेर संशयास्पद वाटते, मग ते श्रमशास्त्र असो, सांख्यिकी असो वा साधे अंकगणित. समीकरणाने कूस बदलली ती येथे.

१४/
१९२८ साली पहिली पंचवार्षिक योजना सुरू झाली. लवकरच ती ४ वर्षांत पुरी करण्याची घोषणा झाली. १९३१ साली याकोव्ह गुमिनेर यांनी काढलेल्या एका भित्तिपत्रकावर ठळक आकड्यांत बेरीज होती: दोन अधिक दोन, त्यात कामगारांचा उत्साह मिळवला की पाच. मॉस्कोत राहणारे अमेरिकन पत्रकार यूजीन लायन्स यांच्या डोळ्यांसमोर ही बेरीज रस्तोरस्ती झळकत होती. १९३७ साली आलेल्या आपल्या पुस्तकात त्यांनी तिच्यावर एक प्रकरणच लिहिले. १९३८ साली त्या पुस्तकाचे परीक्षण लिहिणाऱ्या इंग्रज लेखकाचे नाव होते जॉर्ज ऑरवेल.

१५/
म्हणजे ६७ वर्षांत चमत्कार घडला. १८६४ साली ‘पाच’ हा एकट्या माणसाचा हट्ट होता. १९३१ साली तो शासनाचा आदेश झाला. हट्ट करण्याचा अधिकारही सत्तेने माणसाकडून काढून स्वतःकडे घेतला. अशा काळात बंडखोराच्या हाती काय उरते? चार. रुक्ष, निर्विकार, कोणालाही न जुमानणारे चार. दोस्तोयेव्हस्की यांना भिंत वाटलेली गोष्ट आता पाठ टेकण्याचा एकमेव आधार बनली. हे केवळ कादंबरीत घडले नाही. ६ जानेवारी १९३७ या दिवशी ते एका अख्ख्या देशात घडले.

१६/
त्या दिवशी सोव्हिएत संघात जनगणना झाली. तिच्या आधीचा हिशेब असा होता: १९३३ अखेर देशाची लोकसंख्या १६.८ कोटी असल्याचे स्टालिन यांनी १९३४च्या पक्ष अधिवेशनात सांगितले होते. दरवर्षी सुमारे ३० लाखांची भर पडते, असे १९३५ साली त्यांनीच अभिमानाने जाहीर केले होते. शाळकरी मुलालाही बेरीज करता यावी: ३ वर्षांत ९० लाख, म्हणजे १७.७ कोटी. लाखो प्रगणक घरोघर गेले, गाड्यांतून आणि स्थानकांवरून माणसे मोजली गेली. बेरीज आली १६.२ कोटी.

१७/
दीड कोटींचा खड्डा. त्याचे सगळे कारण मृत्यू नव्हते. मुळात १९३३चा आकडाच फुगवलेला होता आणि हजारो कुटुंबे सीमा ओलांडून गेली होती. पण खड्ड्याच्या तळाशी १९३२-३३चा दुष्काळ होता. सक्तीचे सामूहिकीकरण आणि धान्यवसुली यांतून ओढवलेल्या या दुष्काळात युक्रेन, कझाकस्तान, व्होल्गाकाठ आणि उत्तर कॉकेशस मिळून ५० लाखांहून अधिक माणसे मेली. अधिकृत भूमिका अशी होती, की दुष्काळ पडलाच नाही. वृत्तपत्रे गप्प बसवता आली, साक्षीदार गप्प बसवता आले. मोजणीच्या वेळी मात्र मृतांची गैरहजेरीच बोलली.

१८/
याच जनगणनेत आणखी एक प्रश्न होता: धर्म मानता का? १६ वर्षांवरील प्रत्येकाला तो विचारला गेला आणि उत्तर नावानिशी नोंदवले गेले. क्रांतीला २० वर्षे होत आली होती. हजारो चर्च आणि मशिदी बंद पडल्या होत्या. लढाऊ निरीश्वरवाद्यांचा संघ गावोगावी फिरत होता. अशा वेळी सुमारे ९.८ कोटी प्रौढांपैकी साडेपाच कोटींहून अधिक लोकांनी सरकारी कागदावर, आपल्या नावासमोर, श्रद्धाळू असल्याचे लिहवून घेतले. नवा माणूस घडल्याचा दावा करणाऱ्या सत्तेला जुन्याच माणसाने दिलेले हे उत्तर होते.

१९/
हे सर्वजण शूर होते काय? तसे म्हणणे भाबडेपणाचे ठरेल. अनेकांनी भीतीने ‘नाही’ लिहवून घेतले असणार. कोठे अफवा होती की श्रद्धाळूंना छळतील. कोठे उलट अफवा होती की संख्या जास्त भरली तर चर्च पुन्हा उघडतील. बहुतेकांनी फार विचारही केला नसावा. दारात एक माणूस आला, त्याने प्रश्न विचारला, त्यांनी खरे ते सांगितले. येथेच खरी मेख आहे. सत्तेला हादरवणाऱ्या या कृतीत वीरश्रीचा अंश थोडा आणि नित्यव्यवहाराचा अंश मोठा होता.

२०/
सत्तेने काय केले? जनगणना सदोष ठरवून रद्द करण्यात आली. सांख्यिकीच्या मूलतत्त्वांचा भंग झाल्याचा ठपका ठेवण्यात आला. शत्रूंनी मुद्दाम माणसे कमी मोजल्याचा आरोप झाला. सांख्यिकी खात्याचे प्रमुख इव्हान क्रावाल आणि लोकसंख्या गणनेचे प्रमुख ओलिम्पी क्वित्किन यांना त्याच वर्षी गोळ्या घालण्यात आल्या. १९३९ साली नवी जनगणना झाली आणि आकडा १७ कोटींच्या पुढे गेला. तो फुगवलेला होता, हे पुढे लोकसंख्याशास्त्रज्ञांनी दाखवून दिले. बे दुणे पाच करून दाखवण्यात आले होते.

२१/
त्याच १९३७ साली ऑरवेल स्पेनच्या यादवी युद्धात फ्रँकोविरुद्ध लढत होते. मे महिन्यात त्यांच्या गळ्यातून गोळी आरपार गेली. त्याहून खोल जखम वृत्तपत्रांनी केली. जिथे लढाई झालीच नाही तिथल्या घनघोर युद्धाची वर्णने छापून आली. जे सहकारी खंदकात शेजारी होते ते फॅसिस्टांचे हस्तक ठरले. वस्तुनिष्ठ सत्य ही कल्पनाच जगातून नाहीशी होत चालली आहे, ही ऑरवेल यांची आयुष्यभराची भीती तिथे जन्मली. खोटे बोलणारी सरकारे पूर्वीही होती. खरे काय होते हे पडताळण्याची सोयच नष्ट होणे हा नवा धोका होता.

२२/
बिहारमधील मोतीहारी येथे १९०३ साली जन्मलेले आणि ब्रह्मदेशात ५ वर्षे पोलीस अधिकारी राहिलेले ऑरवेल सत्तेकडे बाहेरून बोट दाखवत नव्हते. १९४१ ते १९४३ या काळात ते बीबीसीच्या पूर्व विभागात हिंदुस्थानसाठी कार्यक्रम करत. त्यांनी इंग्रजीत लिहिलेली वार्तापत्रे मराठी, गुजराती आदी भाषांत अनुवादित होऊन प्रसारित होत. कोल्हापूरजवळच्या शिरोळच्या वेणू चितळे तिथे त्यांच्या सहकारी होत्या; पुढे त्यांनी ‘इन ट्रान्झिट’ ही इंग्रजी कादंबरी लिहिली. प्रत्येक संहिता सेन्सॉरखालून जात असे. कादंबरीतील विन्स्टन जुनी वृत्तपत्रे बदलण्याचे काम करतो. तो दैत्य नाही. नोकरी करणारा माणूस आहे आणि आपले काम त्याला काही वेळा आवडतेही.

२३/
‘१९८४’ जून १९४९मध्ये प्रसिद्ध झाली. त्याआधी, जानेवारी १९४६मध्ये, ऑरवेल यांनी झाम्यातिन यांच्या कादंबरीचे परीक्षण लिहिले होते. अल्डस हक्सली यांच्या १९३२ सालच्या ‘ब्रेव्ह न्यू वर्ल्ड’पेक्षा ती त्यांना एका बाबतीत सरस वाटली: सर्वंकष सत्तेची विवेकशून्य बाजू, क्रौर्यासाठी क्रौर्य, झाम्यातिन यांनी ओळखले होते. हक्सली यांचे मत वेगळे होते. ईटनमध्ये एके काळी ऑरवेल यांना फ्रेंच शिकवलेल्या या लेखकाने ऑक्टोबर १९४९मध्ये त्यांना कळवले, की उद्याचे राज्यकर्ते छळापेक्षा सुखाची लालूच पसंत करतील. ती अधिक स्वस्त आणि परिणामकारक असते.

२४/
वरवर हा भीती विरुद्ध सुख असा वाद आहे. मुळात दोघेही एकच सांगतात: सत्तेला मानवी स्वभाव मारावा लागत नाही, निवडून वापरावा लागतो. हक्सली यांच्या जगात ती आळस आणि भोगेच्छा वापरते. ऑरवेल यांच्या जगात मत्सर, भय आणि कळपाची ऊब. विन्स्टनच्या शेजाऱ्याची लहान मुलगी बापाला पकडून देते आणि बापाला तिचा अभिमान वाटतो. सोव्हिएत संघात पावलिक मोरोझोव्ह हा मुलगा बापाविरुद्ध साक्ष दिल्याबद्दल आदर्श म्हणून गौरवला जात होता. पुढील संशोधकांना त्या कथेतील बराच भाग रचलेला आढळला. पण कथेने आपले काम केले होते.

२५/
जर्मनीचा दाखला अधिक स्पष्ट आहे. गेस्टापो सर्वव्यापी होती, असा समज होता. इतिहासकार रॉबर्ट गेलाटेली यांनी वुर्झबुर्ग येथील कागदपत्रे तपासून १९९० साली वेगळेच चित्र मांडले. ८ लाखांहून अधिक वस्तीच्या त्या प्रदेशासाठी १९३७ साली ३० देखील अधिकारी नव्हते. मग यंत्रणा चाले कशी? शेजारी चुगल्या करत. कोणाला भाडेकरू नको होता, कोणाला धंद्यातला प्रतिस्पर्धी, कोणाला जोडीदार. अनेक तक्रारींमागे विचारसरणीपेक्षा जुने हेवेदावे होते. मानवी स्वभावाने सत्तेशी लढावे ही अपेक्षा. प्रत्यक्षात तो रांगेत उभा राहून अर्ज देत होता.

२६/
म्हणून ‘अखेर मानवी स्वभाव जिंकतोच’ हे वाक्य टाळ्यांचे असले तरी इतिहासाचे नाही. हाना आरेंट यांनी १९५१ साली लिहिले, की सर्वंकष सत्तेचे अंतिम लक्ष्य मानवी स्वभावाचे रूपांतर हेच असते; छळछावण्या ही त्याची प्रयोगशाळा. १९५८च्या आवृत्तीत जोडलेल्या प्रकरणात त्यांनी या सत्तेची पायाभूमी दाखवली: एकाकीपणा. ज्याला आपला अनुभव दुसऱ्याशी ताडून पाहता येत नाही, त्याचा स्वतःच्या डोळ्यांवरचाही विश्वास उडतो. विन्स्टन दुबळा होता म्हणून कोसळला, असे नव्हे. त्या खोलीत ‘होय, मलाही चारच बोटे दिसतात’ असे म्हणणारे दुसरे कोणी नव्हते.

२७/
या जागी भूमिगत नायक, डी-५०३ आणि विन्स्टन एका रांगेत येतात. तिघेही एकटे आहेत, तिघेही हरतात. एकट्या माणसाचा स्वभाव, मग तो हट्टी असो वा विवेकी, सत्तेपुढे फार काळ टिकत नाही. १९३७च्या जनगणनेत जे टिकले ते निराळ्या गोष्टीमुळे. तिथे ठरलेला प्रश्न होता, तो विचारणारा माणूस होता, उत्तर लिहिण्याची जागा होती आणि आलेली बेरीज न बदलणारे गणनाधिकारी होते. कोट्यवधी साध्या माणसांचे साधे खरे बोलणे एका पद्धतीमुळे एकत्र आले. सत्य बोलायला धैर्य लागते. ते मोजायला आणि जपायला संस्था लागते.

२८/
यावर एक रास्त आक्षेप आहे. ती संस्थाही चिरडली गेलीच ना? क्रावाल आणि क्वित्किन यांना तिने वाचवले नाही. दुष्काळात मेलेल्यांना परत आणले नाही. हा आक्षेप खोडता येत नाही आणि खोडूही नये. नोंद हा न्यायाला पर्याय नव्हे. पण सत्तेची अट फार कडक असते: तिला केवळ आज जिंकून चालत नाही, कालही जिंकलेला असावा लागतो. आणि तिथे ती चुकली. जनगणनेचे तक्ते गुप्त अभिलेखागारात बंद केले गेले, पण सगळे जाळले गेले नाहीत. सुमारे अर्ध्या शतकानंतर ते संशोधकांच्या हाती आले आणि १६.२ कोटी हा आकडा उजेडात आला.

२९/
झाम्यातिन यांची कादंबरी त्यांच्या मायदेशात १९८८ साली छापली गेली. लेखकाच्या मृत्यूला ५१ वर्षे लोटली होती. ‘१९८४’च्या शेवटीही एक शांत खूण आहे. कथा संपल्यावर राजभाषेवरचे एक परिशिष्ट येते आणि ते भूतकाळात लिहिलेले आहे, जणू ती राजवट कधीच इतिहासजमा झाली आहे. याचा अर्थ काय, यावर समीक्षकांत मतभेद आहेत. एवढे मात्र ठाऊक आहे, की अमेरिकेतील एका मोठ्या पुस्तक मंडळाने परिशिष्ट गाळण्याची सूचना केली तेव्हा, बराच आर्थिक तोटा संभवत असूनही, ऑरवेल यांनी नकार दिला.

३०/
तेव्हा ८५ वर्षांत समीकरण का उलटले? स्वातंत्र्य ‘चार’मध्येही नव्हते आणि ‘पाच’मध्येही नव्हते, म्हणून. सत्ता जेव्हा माणसाचा पुरा हिशेब मांडल्याचा दावा करते, तेव्हा हिशेबाबाहेर राहण्याची मुभा हे स्वातंत्र्य. सत्ता जेव्हा हिशेबच खोटा लिहिते, तेव्हा खरी बेरीज मांडणे हे स्वातंत्र्य. दोस्तोयेव्हस्की आणि ऑरवेल परस्परविरोधी नाहीत. ते एकाच दाराच्या दोन बाजूंना उभे राहून पहारा देत आहेत.

३१/
इतिहासाची आवड असलेल्या तरुण वाचकासाठी यात एक रुक्ष वाटणारे काम दडलेले आहे. डिस्टोपिया वाचताना नजर बंडखोर नायकाकडे जाते. ती थोडी दारात उभ्या असलेल्या प्रगणकाकडेही जावी. मृत्यूची नोंदवही, जनगणनेचे तक्ते, पिवळी पडलेली वृत्तपत्रे, अभिलेखागारातील न उघडलेली बासने: सर्वंकष सत्तेला कवितेइतकेच यांचेही भय वाटत आले आहे. मानवी स्वभाव कोणाच्या बाजूने जाईल याची हमी नसते. खरी बेरीज कोठेतरी लिहून ठेवलेली असली आणि ती उघडून पाहण्याची मुभा असली, तर त्याला योग्य बाजूला येण्याची वाट तरी उरते.

(समाप्त)